दस्तीखालची पाच बोटं

परभणी जिल्ह्यात डायनोसॉर या विषयावर अधिकाराने बोलू शकेल असा एकच माणूस आहे. तो प्राणिशास्त्राचा प्राध्यापक नाही. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक मी आहे. जिंतूरच्या एका कॉलेजात बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, हे बावीस वर्षं सांगतो आहे आणि आकडा अजून बदललेला नाही. तो माणूस म्हणजे बोरीचा दत्तराव. माझा दहावीपर्यंतचा वर्गमित्र. त्याच्याकडे सत्तावीस शेळ्या आहेत, दोन बोकड आहेत, आणि डायनोसॉरच्या सिनेमाचे आजवरचे सहाही भाग पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला पाहिल्याचा अनुभव आहे.

पहिला भाग आम्ही दोघांनी मिळून पाहिला. दहावीचा निकाल लागला होता, मी पास झालो होतो, तो झाला नव्हता. सिनेमा दोघांना सारखाच कळला. परभणीला लागला होता, हिंदीत. डायनोसॉर सोडून सगळे हिंदीत बोलत होते. परत येताना झरी गाव मागे पडलं तेव्हा दत्तराव माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "एवढं मोठं जनावर, पर शिकारीच्या आदी बोंबलतंय कामून? लांडगा कदी बोंबलून आला का?"

मी पुढे बीएस्सी झालो, एमएस्सी झालो. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच वर्षाच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमावर लिहितो. लोक थांबवून सांगतात की सर, तुमची नजर वेगळी आहे. नजर दत्तरावची आहे. माझे स्वल्पविराम आहेत.

दत्तराव मत देतो ते मात्र तोंडाने देत नाही. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव बोलून दाखवायची पद्धत नाही. चारचौघांत किंमत बोलली तर जनावराचाही अपमान होतो आणि मालकाचाही. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात एका दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली जातो आणि पुढचं बोटं बोलतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. शंभर की हजार, ते जनावराकडे बघून कळतं. पंजा दाबला आणि हात मागे घेतला नाही की सौदा पक्का. त्यावर फिरणाऱ्याला त्या बाजारात कुणी चहा विचारत नाही.

सिनेमा संपला, दिवे लागले, की दत्तराव मांडीवरच्या दस्तीखाली माझा हात ओढून घेतो. पहिल्या भागाला पंजा मिळाला. दुसऱ्याला तीन बोटं. मधल्या एका भागाला त्याने नुसतं नख टोचलं. त्यावर मी आठशे शब्द लिहिले. सहाव्या भागाला त्याने हात दिलाच नाही, दस्ती उचलली आणि तोंड पुसलं.

अडचण त्या सहाव्या भागापासून सुरू झाली.

त्या दिवशी शेळ्या बघायला कुणी नव्हतं. दत्तरावने त्या बांधाला चरायला सोडल्या आणि मोटारसायकलला किक मारली. तो परत येईपर्यंत सत्तावीस शेळ्यांनी शेजारच्या शेतातलं, सितारामचं कोवळं सोयाबीन बांधापासून बांधापर्यंत साफ केलं होतं. सितारामने फार मनावर घेतलं नाही. सितारामच्या बायकोने, नर्मदाबाईने घेतलं.

सातवा भाग शुक्रवारी लागणार होता. गुरुवारी दुपारी मी बोरीला गेलो तेव्हा दत्तरावची बायको, कासाबाई, ओसरीवर सुबाभळीचा पाला मोडत बसली होती. तिने मला चहा दिला आणि समोर बसली. कासाबाई समोर बसली की गावातली आजारी शेळीसुद्धा अंग चोरते, कारण काय झालंय ते तिला हात न लावता कळतं. दत्तराव शेळ्या पाळतो. शेळ्या कळतात कासाबाईला.

"भावजी, तुमी शिकलेले हाईत म्हनून इचारते," ती म्हणाली, "एवढं काय असतंय वो त्याच्यात?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वीची जनावरं आहेत, वहिनी."

"मेली न्हाईत का समदी?"

"मेली."

"मंग?"

या 'मंग'लाही अभ्यासक्रमात उत्तर नाही.

"नर्मदाबाई आजून मला हापशावर बघून म्हनती, सरका गं, डायनासूर आलं," कासाबाई सांगू लागली. "बरं, त्या दिशी हे घरी आले. म्या इचारलं, कसा व्हता? तर म्हनले, भंगार. मंग भंगार बघायपाई लोकाचं सोयाबीन कामून खाऊ घातलं? चांगला असता तर ऐकून घेतलं असतं म्या. तोंड वर करून सांगितलं असतं, बाई, पिक्चर चांगला व्हता."

दत्तराव खांबाला टेकून आपल्याच नखाकडे बघत होता.

"तवा ह्या बारीला म्या येनार," ती म्हणाली. "आपली पोरगी चंदा हाय घरी, ती बघंल शेळ्या. चांगला निगाला तर मरस्तोवर जा, म्या कदी आडवी येनार न्हाई. न्हाई निगाला तर ह्यो शेवटचा. पुन्ना नाव काडायचं न्हाई. भावजी, तुमी साक्षीला."

मी मान हलवली. दत्तरावने मला गोठ्यामागे नेलं.

"मास्तर, कसा हाय म्हनं पिक्चर? काय ऐकायला आलंय का?"

"परदेशात लोक चांगला म्हणायलेत."

"परदेशातले मागच्यालाबी चांगलाच म्हनले व्हते." त्याने बोकडाच्या पाठीवर हात ठेवला. "मला वाईट वाटला तर सोसतो रे मी. तीस वर्षं सोसलंय. पर तिला वाईट वाटला तर..."

वाक्य त्याने बोकडावर सोडलं. बोकडानेही काही सुचवलं नाही.

शुक्रवारी मी गाडी काढली. हेमाला, म्हणजे माझ्या बायकोला, येतेस का विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं त्यावर बोलता ते ऐकलंय. सिनेमा वेगळा बघायची गरज नाही." बोरीत कासाबाई नवं लुगडं नेसून तयार होती. चंदाला सूचना चालल्या होत्या: पाणी दोनदा दाव, लंगडीला आधी दाव, सितारामच्या बांधाकडे बघूसुद्धा नकोस. दत्तरावने धुतलेली दस्ती घडी करून खिशात ठेवली होती. गाडीत तो बोलला नाही. परीक्षेला निघालेला मुलगा बोलत नाही तसा नव्हे. परीक्षेला आपली म्हातारी आई बसवलेला मुलगा बोलत नाही, तसा.

बाराच्या खेळाला आम्ही धरून एकोणीस माणसं होती. पुढे कॉलेजची पोरं, मागे एक म्हातारा, जो बहुधा थंड हवेसाठी आला होता. मी, मधे दत्तराव, पलीकडे कासाबाई. दत्तरावने दस्ती मांडीवर पसरली.

आता सिनेमाबद्दल. पहिली चाळीस मिनिटं त्यात एकही डायनोसॉर दिसत नाही. हे लिहिताना मला आजही धाडस वाटतं, कारण पैसे देऊन आलेल्या माणसाला चाळीस मिनिटं नुसतं गवत दाखवायला छाती लागते. एक बेट आहे. डॉक्टरीणबाई आहे, तिच्यासोबत चार माणसं आहेत, आणि हरवलेला कळप शोधायचा आहे. त्यांना ठसे दिसतात. झाडाचा पाला दिसतो, उंचावरचा खाल्लेला, खालचा शिल्लक. पुढची पोरं शिट्ट्या मारू लागली. दत्तरावचा गुडघा हलू लागला.

मग डॉक्टरीणबाईला लेंड्या सापडल्या. एकेक लेंडी हंड्याएवढी. तिने काठीने एक फोडली.

"ताजी हाय," कासाबाई म्हणाली. नेहमीच्या आवाजात, म्हणजे गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा. "सकाळची."

पडद्यावर डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाली की याला चार-पाच तासच झालेत.

पोरं मागे वळली. "मावशी, आदी बघितलाय का पिक्चर?"

"पिक्चर न्हाई रे बाबा. लेंड्या बघितल्यात."

तिथून पुढे थिएटरात दोन सिनेमे चालू होते, आणि पोरं दोन्हीकडे बघत होती.

कळप आला तेव्हा दत्तरावने माझा दंड धरला. "बघ, बघ मास्तर. म्हातारी पुढं हाय." मागच्या सहाही भागांत सगळ्यात दांडगा नर कळपाच्या पुढे चालायचा, जणू निवडणुकीचा फॉर्म भरायला निघालाय. दत्तराव तीस वर्षं सांगत होता की असं नसतं. कळपाच्या पुढे एक म्हातारी मादी असते, तिला पाणी कुठं आहे ते माहीत असतं, आणि नर कडेकडेने नुसती मिजास करत चालतात. या सिनेमात पुढे म्हातारी होती. तिचा एक डोळा अधू होता. ती थांबली की कळप थांबत होता. नर कडेने मिजास करत होते. दत्तरावच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी माझ्या लेखात माझ्या डोळ्यांत आलं असं लिहिलं.

पुढे एक पिलू आहे. बेटाची मालक असलेल्या कंपनीच्या माणसांनी ते दोन दिवस पिंजऱ्यात ठेवलेलं असतं. डॉक्टरीणबाई ते सोडवून आईपाशी नेऊन सोडते. आई वास घेते आणि पायाने पिलाला बाजूला सारते. पिलू परत जातं. ती परत सारते. संगीत नाही, काही नाही. पिलाचा आवाज आणि पायाचा आवाज.

"मानसाचा वास लागलाय त्याला," कासाबाई म्हणाली. "अगं, मीठ चोळ की, चाटंल ती. मीठ न्हाई का तुज्याकडं? मंग तिच्या बसायच्या जागंची माती तरी चोळ!"

डॉक्टरीणबाईकडे मीठ नव्हतं. तिने थोडा वेळ विचार केला. मग वाकून आईच्या बसायच्या जागेतली ओली माती उचलली आणि पिलाच्या पाठीला चोळली.

"आता शानी झाली," कासाबाई म्हणाली.

आईने पुन्हा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग तोंड खाली केलं आणि पिलाच्या मानेला लावलं. मागचा म्हातारा टाळ्या वाजवू लागला. कासाबाईने पदराने नाक पुसलं, आणि दत्तराव पडदा सोडून त्या पदराकडे बघत राहिला, पाऊस येईल का ते ढगावरून ताडावं तसा.

मध्यंतरात, कसा वाटला, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने विचारलं, "समोसा खाती का?"

"अर्ध्यात कुनी भाव सांगतं का?" कासाबाई म्हणाली. समोसा मी खाल्ला.

उत्तरार्धात तो प्रसंग आहे. डॉक्टरीणबाई ओढ्यावर हात धुते आहे. मागे उंच गवत आहे, वाऱ्याने एका बाजूला झुकतंय. मी गवताकडे बघत होतो आणि मला फक्त गवत दिसत होतं. एमएस्सी.

"गवत उलटं हाललं," कासाबाई पुटपुटली. "वाऱ्याच्या उलटं. आलंय. मागून आलंय ते."

ते शिकारी जनावर गवतातून बाहेर आलं. डरकाळी नाही, दात दाखवणं नाही, पाय आपटणं नाही. लांडगा येतो तसं, खालमानेने, मुकाट. तीस वर्षांपूर्वी झरीच्या पुढे विचारलेल्या प्रश्नाला कुणीतरी सात समुद्रांपलीकडून उत्तर पाठवलं होतं. मी दत्तरावकडे वळलो.

दत्तराव पडद्याकडे बघतच नव्हता. तो मांडीवरच्या दस्तीकडे बघत होता. दस्तीखाली त्याचा हात होता, आणि कासाबाईने त्याच हाताला गच्च धरलं होतं. पाच बोटांनी. पंजा. तिचे डोळे पडद्यावर होते आणि हात काही मागे जात नव्हता.

पुढची पंधरा मिनिटं पडद्यावर काय झालं, ते मी सांगू शकतो. पाठलाग, लाकडी पूल, पुलावरची अधू डोळ्याची म्हातारी. इतकी सुंदर पंधरा मिनिटं मी या मालिकेत पाहिली नाहीत. दत्तराव सांगू शकत नाही. तो दस्तीकडे बघत बसला होता.

शेवटी कंपनीने दोन जातींचा संकर करून बनवलेलं एक प्रचंड धूड येतं, फार आवाज करतं आणि मरतं. तेवढा भाग नसता तरी चाललं असतं. मग दिवे लागले.

बाहेर चहाच्या गाड्यावर दत्तरावने तीन चहा सांगितले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, सौदा झाला! पंजा!"

"कसला सौदा?" कासाबाईने विचारलं.

"पाच दाबलेस तू. दस्तीखाली. हात मागं घेतला न्हाईस. म्या काय बोललो का? तुज्या मनानं दाबलेस."

"भ्याव वाटलं म्हनून धरला हात."

"बाजारात कुनी इचारत न्हाई, कामून दाबला. दाबला की दाबला."

"आन् बाजारात तुमी बायकूचा हात धरून भाव करता का?"

चहावाला हसला. आमच्या पुढच्या रांगेतली पोरं तिथेच चहा घेत होती, तीही हसली. दत्तरावचे कान तापले. "मास्तर, तू साक्षीला व्हतास. दलाल समज सवताला. सांग, सौदा झाला का न्हाई?"

मी विचार केला. म्हणालो की बाजाराच्या रिवाजाप्रमाणे दत्तरावचं म्हणणं बरोबर आहे, पण हेतूचा विचार करता वहिनींचंही म्हणणं चूक म्हणता येणार नाही.

"तिकडं कालेजात ह्याचा पगार मिळतो का भावजी तुमाला?" कासाबाईने विचारलं.

मिळतो, असं मी सांगितलं.

तिने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि पदर खोचला. "भ्यालेल्या हाताचा भाव धरू नगा. उद्या म्हनताल, ती गडबडीत बोलली. म्या तोंडानं सांगते."

"हळू," दत्तराव म्हणाला आणि चारी बाजूंना बघू लागला. भररस्त्यात, पोरांसमोर, चहावाल्यासमोर जनावराचा भाव तोंडाने निघायची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

"चांगला हाय," कासाबाई मोठ्यांदा म्हणाली. "लय चांगला हाय. ज्यानं बनवला त्याच्या घरी कुनीतरी जनावर राखलेलं हाय. आयशीनं पिलू सारलं ते खरं हाय, म्हातारी पुढं चालती ते खरं हाय, आन् ते मुकाट आलं, त्यानं तर माज्या अंगावर आजून काटा हाय बगा." तिने हात पुढे करून दाखवला. चहावाल्यानेही वाकून पाहिला. "पर पाच न्हाई. चार. एवढा येळ पिक्चर चालला, एकानंबी जनावराला पानी दावलं न्हाई. आन् ती बाई केस मोकळे सोडून पळती. केस बांदून पळावं मानसानं."

"मंग मी जाऊ ना इथून पुढं?" दत्तरावने विचारलं. त्याचा आवाज दहावीतला होता.

"म्हनलं ना. मरस्तोवर जा."

त्याने चहाचे पैसे देताना चहावाल्याला नमस्कार केला, ज्याची काही गरज नव्हती. गाडीत बसल्यावर तो गाऊ लागला. झरीपर्यंत गायला. मग थांबला आणि म्हणाला, "मास्तर, पुलावर काय झालं रे?"

मी त्याच्याकडे बघितलं. "तू नाही पाहिलंस?"

"हात धरल्यापासून पुढचं ध्यानात न्हाई. ते दोन जातींचं जनावर आलं तवा भानावर आलो. पुलावर म्हातारी व्हती, एवढं कानावर पडलं."

मी सांगायला सुरुवात केली. पण पुलावरची म्हातारी सांगायची गोष्ट नाही. दोन वाक्यांनंतर त्यानेच थांबवलं. "नगं सांगू. परत बघावा लागंल. पुढच्या शुक्रवारी जातो मी. एकटाच जातो."

"शुक्रवारी म्या जानार हाय," मागच्या सीटवरून कासाबाई म्हणाली.

"तू? परत?"

"चंदाला घिऊन जानार. गवत कसं हाललं ते तिला दावायचंय. शेळ्यामागं मोबाईल बघत हिंडती ती. शेजारच्या सरजाबाईलाबी नेते, ती कदी टाकीजात गेली न्हाई."

"आन् शेळ्या?"

"तुमी हाईत की."

"अगं, पर मला जायची परवानगी दिलीस ना आत्ता?"

"मरस्तोवर दिली. ह्या शुक्रवारची न्हाई दिली," कासाबाई म्हणाली. "तुमचे सात झाले. माजा एकच हाय."

दत्तराव माझ्याकडे बघू लागला. मी दलाल होतो, पण तेव्हा गाडी चालवत होतो.

रविवारी माझा लेख आला. मी पाच तारे दिले. पुलावरच्या म्हातारीवर दोन परिच्छेद लिहिले आणि दत्तरावने त्यांच्यावर बोट ठेवून ठेवून ते वाचले. शेवटी मी लिहिलं की गेल्या तीस वर्षांत या मालिकेने इतकं खरं जनावर दाखवलेलं नाही, तरी जाणकारांनी हा सिनेमा येत्या शुक्रवारी सहकुटुंब जाऊन अवश्य पाहावा. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही.

शुक्रवारी कासाबाई, चंदा आणि सरजाबाई सकाळच्या एसटीने परभणीला गेल्या. दत्तराव शेळ्या घेऊन माळावर बसला. तिथून त्याने मला तीन फोन केले. पोचल्या का? तिला सांग, पुलाचं नीट ध्यानात ठेव म्हनावं. म्हातारी आदी कुन्या पायानं पुलावर चढती, ते बघ म्हनावं.

बाराला पाच मिनिटं असताना मला चंदाचा फोन आला. "काका, हितं भुताचा पिक्चर लागलाय."

सिनेमा गुरुवारीच उतरला होता.